सातारा-सांगलीतून शस्त्रनियंत्रणाच्या कामाकडे: कुठून सुरुवात करायची, काय शिकायचं

गेल्या हिवाळ्यात कुपवाड एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात बसले होते. टेबलावर एका पंपाचं माहितीपत्रक होतं. आम्ल ओढणारा पंप, आतून टेफ्लॉनचं अस्तर, मोटर आणि पंप यांच्यामध्ये चुंबकाची जोड. म्हणजे शाफ्टला सील नाही आणि गळतीचा प्रश्नही नाही. प्रवाह ताशी बारा घनमीटर. परदेशातून विचारणा आली होती. मालकांचा मुलगा नुकताच मेकॅनिकल इंजिनिअर झालेला. तो म्हणाला, "ताई, पंपाला कसलं आलंय लायसन? आपण काय तोफा ओततोय व्हय?"

मी त्याला स्कोमेटची, म्हणजे निर्यातीला सरकारी परवाना लागणाऱ्या मालाची, यादी उघडून दिली आणि तिसरा वर्ग काढायला सांगितलं. तो बोट ठेवून वाचत गेला. सील नसलेला पंप. ताशी ०.६ घनमीटरपेक्षा जास्त प्रवाह. द्रव ज्याला ज्याला लागतो ते सगळे भाग ठरावीक मिश्रधातूंचे, काचेचे किंवा फ्लुओरोपॉलिमरचे, म्हणजे टेफ्लॉनसारख्या प्लास्टिकचे. प्रत्येक ओळीत त्याचा पंप बसत होता. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं ते थांबलंच.

औषध कंपनीत चालणारा असा पंप विषारी वायू बनवणाऱ्यालाही तितकाच उपयोगी पडतो, कारण त्यालाही गंजणार नाही आणि गळणार नाही असंच यंत्र लागतं. इराण-इराक युद्धात इराकनं रासायनिक अस्त्रं वापरली. त्यासाठीची रसायनं आणि सामग्री बऱ्याच अंशी साध्या व्यापारातूनच गेली होती. हे उघड झाल्यावर १९८५ मध्ये काही देशांनी ऑस्ट्रेलियाच्या पुढाकारानं निर्यातीवर एकत्र नजर ठेवायला सुरुवात केली. तोच ऑस्ट्रेलिया गट. तरीही १६ मार्च १९८८ ला हलाब्जा या कुर्दी गावात हजारो माणसं त्या वायूनं गेली. भारत या गटात जानेवारी २०१८ मध्ये सामील झाला. कुपवाडच्या टेबलावरची ती यादी अशा वाटेनं तिथपर्यंत आलेली आहे.

शस्त्रनियंत्रण म्हटलं की आपल्याकडे लोकांना जिनिव्हातलं गोल टेबल आणि सुटाबुटातले राजदूत आठवतात. ते आहेच. पण या क्षेत्राचा बराचसा भार यादी वाचणाऱ्या, मोजमाप करणाऱ्या आणि कागद तपासणाऱ्या माणसांवर आहे, आणि अशी माणसं आपल्या भागातून नक्की घडू शकतात. बारावीपासून पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंतच्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. पालकांनीही वाचावं.

पहिली पायरी: क्षेत्राचा नकाशा डोक्यात बसवा

दोन महिने फक्त यालाच द्या. कोणता करार कशासाठी आहे आणि भारत त्यात आत आहे की बाहेर, एवढं आधी पाठ झालं पाहिजे.

अण्वस्त्र प्रसारबंदी करार, म्हणजे एनपीटी, १९६८ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि १९७० मध्ये लागू झाला. तो पाच देशांना अण्वस्त्रधारी मानतो आणि बाकीच्यांना अण्वस्त्रं बाळगायला मनाई करतो. ही वाटणी भारताला मान्य नाही, म्हणून आपण सही केलेली नाही. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अणुपुरवठादार देशांचा गट उभा राहिला. त्या गटानं सप्टेंबर २००८ मध्ये भारताला व्यापारासाठी सूट दिली, सदस्यत्व मात्र अजून दिलेलं नाही. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या गटात आपण जून २०१६ मध्ये गेलो, पारंपरिक शस्त्रं आणि दुहेरी उपयोगाच्या मालाच्या निर्यातीवर नजर ठेवणाऱ्या वासेनार व्यवस्थेत डिसेंबर २०१७ मध्ये.

रासायनिक अस्त्रांचं चित्र निराळं आहे. १९९३ च्या करारावर भारतानं सुरुवातीलाच सही केली, आपल्याकडचा साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत तो नष्टही केला. करार १९९७ मध्ये लागू झाला. त्याची देखरेख करणारी ओपीसीडब्ल्यू ही संस्था नेदरलँड्समध्ये हेग इथं आहे. तिला २०१३ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळालं. जैविक अस्त्रांचा करार १९७२ चा, पण तपासणीची यंत्रणाच नसलेला. हा त्याचा मोठा दुबळेपणा आहे आणि पुढच्या पिढीला त्यात भरपूर काम आहे. अमेरिका आणि रशिया यांच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट कराराची मुदत ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच होती. जुनी चौकट मोडकळीला आलेल्या काळात तुम्ही या क्षेत्रात पाऊल टाकणार आहात, हे माहीत असू द्या.

घरचे कायदेही वाचा. रासायनिक अस्त्र कराराच्या अंमलबजावणीचा कायदा २००० चा, महासंहारक अस्त्रांसंबंधीचा कायदा २००५ चा. दुसऱ्यात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन अशा कामाला पैसा पुरवण्यावरही बंदी आली. स्कोमेटचे नियम विदेश व्यापार धोरण २०२३ च्या दहाव्या प्रकरणात आहेत. हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर फुकट मिळतं, क्लास लावायची गरज नाही.

दुसरी पायरी: एक विद्या पक्की करा

सगळ्यात जास्त जोर मी इथं देते. नुसतं "आंतरराष्ट्रीय संबंध" शिकलेली मुलं दिल्लीत पुष्कळ आहेत. ज्याला एखादी तांत्रिक गोष्ट खोलवर कळते आणि करारही वाचता येतात, असा माणूस शोधावा लागतो. म्हणून पदवीला विज्ञान, अभियांत्रिकी किंवा कायदा घ्या आणि धोरणाचा अभ्यास त्याच्या जोडीनं करा. कला शाखेत असाल तरी अडत नाही, पण मग एक परकी भाषा किंवा उपग्रहचित्रांचा अभ्यास मनापासून धरा.

आपल्या मातीतलंच एक उदाहरण घ्या. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट पाटण आणि कराडकडची जुनी माणसं अजून विसरलेली नाहीत. कोयनेचा भूकंप साधारण ६.३ तीव्रतेचा होता. धरणाच्या पाण्यामुळं होणाऱ्या भूकंपांचा जगात जिथं जिथं अभ्यास होतो तिथं कोयनेचं नाव निघतं. कराडमध्ये केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची विंधनविवर भूभौतिकी प्रयोगशाळा आहे आणि कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल विवर खोदून अभ्यास झालेला आहे.

आता दुसरी तारीख घ्या. ३ सप्टेंबर २०१७, उत्तर कोरियाची सहावी अणुचाचणी. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणानं तिची नोंद ६.३ अशीच केली. दोन्ही हादरे जवळजवळ सारखे, मग एक भूकंप आणि एक स्फोट हे ओळखायचं कसं? भूकंपात खडकाचे दोन भाग एकमेकांवर घसरतात, त्यामुळं आडव्या हलवणाऱ्या दुय्यम लहरी जोरदार असतात. स्फोट मात्र सगळ्या बाजूंनी खडकाला बाहेर ढकलतो. त्याच्या प्राथमिक लहरी ठळक उमटतात आणि दुय्यम लहरी क्षीण. खोलीचाही आधार घेतात, कारण माणूस फार खोल खणू शकत नाही आणि भूकंप अनेक किलोमीटर खाली होऊ शकतो. सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराची देखरेख यंत्रणा बऱ्याच अंशी याच शास्त्रावर उभी आहे. ३२१ केंद्रं आणि १६ प्रयोगशाळा अशी तिची आखणी आहे, त्यात ५० मुख्य आणि १२० साहाय्यक भूकंपमापन केंद्रं. भारतातही भाभा अणुसंशोधन केंद्राचा भूकंपमापकांचा समूह कर्नाटकात गौरीबिदनूरला १९६० च्या दशकापासून आहे. कोयनेच्या हादऱ्यांवर ज्यानं एमएस्सीचा प्रकल्प केला, त्याच्या हाती या क्षेत्राची अर्धी किल्ली आली असं मी समजते.

रसायनशास्त्र हा दुसरा भक्कम रस्ता. ट्रायइथेनॉलअमाइन हे नाव क्रीम आणि शाम्पूच्या बाटलीवर सापडेल. तेच रसायन रासायनिक अस्त्र करारातल्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे नजर ठेवायच्या रसायनांच्या तिसऱ्या यादीतही आहे. कोणतं रसायन कुठल्या अनुसूचीत, किती टनांच्या पुढं कारखान्याला जाहीर करावं लागतं, कोणत्या देशाला विकता येत नाही, हे समजणारा रसायनतज्ज्ञ कंपनीला हवा असतो, सरकारला हवा असतो आणि हेगलाही. अणुविज्ञान, धातुशास्त्र, जीवतंत्रज्ञान, एरोस्पेस, संगणक सुरक्षा, सीमाशुल्क कायदा यांचंही असंच. जे तुम्हाला मुळात आवडतं तेच धरा.

तिसरी पायरी: शिक्षण कुठं घ्यायचं

पदवी इथंच करा, हे माझं स्पष्ट मत. विलिंग्डन, वालचंद, कराड-साताऱ्याची विज्ञान महाविद्यालयं, रयतच्या शाखा, कुठंही असलात तरी पाया नीट घालता येतो. बाहेर पडायचं ते पदव्युत्तरला.

सगळ्यात जवळचं म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात निःशस्त्रीकरण हा शब्द नावातच असलेलं केंद्र आहे. तिथला प्रवेश सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर. बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेत, म्हणजे निआसमध्ये, शास्त्रज्ञ आणि धोरण-अभ्यासक एका छताखाली काम करतात. विज्ञानाच्या मुलांनी तिच्याकडे लक्ष ठेवावं. परदेशात लंडनच्या किंग्ज कॉलेजचा युद्धशास्त्र विभाग या विषयात नावाजलेला आहे. मुलींसाठी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी शिष्यवृत्ती आहे. अणुविषयक पदव्युत्तर शिक्षणाला ती मदत करते आणि त्यात प्रसारबंदीचा विषयही बसतो. आपल्या राज्यात सारथी, बार्टी आणि महाज्योतीच्या योजना आहेत, अनुसूचित जातींतल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अर्जाच्या तारखा दर वर्षी बदलतात. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला तहसील आणि प्रांत कचेरीतून आधीच काढून ठेवा. चांगली मुलं दाखल्यापायी मागं राहिलेली मी पाहिली आहेत.

पदव्युत्तरनंतर नेट देऊन ठेवा. संरक्षण व सामरिक अभ्यास हा त्यात स्वतंत्र विषय आहे.

चौथी पायरी: रोजचा सराव

मूळ मजकूर वाचायची सवय लावा. एनपीटी अवघ्या अकरा कलमांचा आहे, एका बैठकीत वाचून होतो. वर्तमानपत्रातलं वर्णन आधी आणि करार नंतर, असं करू नका. करारात "करील" कुठं आहे आणि "प्रयत्न करील" कुठं आहे, यावरच सगळी भांडणं होतात. सहावं कलम काढून बघा. करारातल्या प्रत्येक देशानं अण्वस्त्र निःशस्त्रीकरणासाठी सद्भावनेनं वाटाघाटी "चालवाव्यात" असं त्यात आहे, अस्त्रं कधीपर्यंत नष्ट करावीत हे कुठंच नाही. पन्नासहून अधिक वर्षांचा वाद त्या एका वाक्यातून निघालेला आहे.

दुसरा सराव उपग्रहचित्रांचा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं कोणालाही फुकट बघता येतात. एक ठिपका दहा मीटरचा. सुरुवात कोयनेच्या शिवसागर जलाशयापासून करा. नोव्हेंबरचं चित्र आणि मे महिन्याचं चित्र शेजारी ठेवा, पाणी किती मागं सरलं ते मोजा, उघडी पडलेली तांबडी कड ओळखा, ढगाची सावली आणि पाणी यांतला फरक डोळ्याला शिकवा. ही जागा तुम्ही पायी पाहिलेली आहे, त्यामुळं चूक झाली तर लगेच कळते. वर्षभर असं केल्यावरच उत्तर कोरियाच्या पुंग्ये-री या अणुचाचण्यांच्या जागेसारख्या, जगभर अभ्यासल्या गेलेल्या ठिकाणांकडं वळा. दिसलं काय आणि अंदाज काय, हे वहीत दोन वेगळ्या रकान्यांत लिहा.

तिसरा सराव लिहिण्याचा. दोन पानांचं टिपण, आठवड्याला एक. पहिल्या परिच्छेदात थेट उत्तर, मग पुरावा, मग पुराव्यातली भोकं, शेवटी निर्णय घेणाऱ्यापुढचे पर्याय. मी पहिलं टिपण एका वरिष्ठांना दिलं होतं तेव्हा ते "अत्यंत", "भयावह", "निर्णायक" या प्रत्येक शब्दाभोवती लाल गोल होऊन परत आलं. खाली एकच ओळ होती: यातलं काय मोजता येतं? तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

इंग्रजीची भीती इथं येतेच. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना मी सांगते, आधी मराठीत विचार नीट मांडा, मग तो इंग्रजीत साध्या, छोट्या वाक्यांत लिहा. या क्षेत्राची भाषा कायद्याची आणि तंत्राची आहे. तिला अलंकार लागत नाहीत. उच्चारावरून कोणी तुम्हाला अडवलं तर ते मनाला लावून घेऊ नका.

फुकट अभ्यासक्रमही आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण कार्यालयाचे ऑनलाइन वर्ग आहेत, युरोपीय संघाच्या प्रसारबंदी संस्था-समूहाचा चांगला लांबलचक अभ्यासक्रम आहे. अणुचाचणीबंदी संस्थेच्या युवा गटात विद्यार्थ्यांना जाता येतं.

पाचवी पायरी: कोणत्या दारानं आत जायचं

आपल्याकडं पहिलं नाव निघतं ते यूपीएससीचं. परराष्ट्र सेवेत गेलात तर परराष्ट्र मंत्रालयात निःशस्त्रीकरण व आंतरराष्ट्रीय सुरक्षा विभाग आहे आणि जिनिव्हात निःशस्त्रीकरण परिषदेसाठी भारताचं स्वतंत्र कार्यालय. १९९६ मध्ये अणुचाचणीबंदीच्या वाटाघाटींत भारताची ठाम बाजू तिथून मांडणाऱ्या अरुंधती घोष याच सेवेतल्या. पण एक सांगून ठेवते. परराष्ट्र सेवेतला अधिकारी या विषयावर काही वर्षं काम करतो, मग त्याची बदली दुसरीकडं होते. आयुष्यभर हाच विषय हवा असेल तर फक्त यूपीएससीवर सहा-सात वर्षं घालवू नका. त्याच परीक्षेतून मिळणाऱ्या भारतीय व्यापार सेवेकडं आपली मुलं बघतही नाहीत. विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे स्कोमेटचे परवाने देणारं कार्यालय, तिथं याच सेवेतले अधिकारी असतात. सीमाशुल्क सेवेचंही तसंच. बंदरावर पेटी उघडायची की नाही हा निर्णय त्यांचा.

शास्त्रज्ञांसाठी भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण योजना आणि डीआरडीओ आहेत.

अभ्याससंस्थांमध्ये दिल्लीची संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था, आयडीएसए, हे मोठं नाव. आता तिला मनोहर पर्रीकरांचं नाव आहे. ती १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली ती तेव्हाच्या संरक्षणमंत्र्यांच्या पुढाकारानं, आणि ते संरक्षणमंत्री म्हणजे देवराष्ट्र्यात जन्मलेले, कराडात वाढलेले आपले यशवंतराव चव्हाण. प्रीतिसंगमावर समाधीला हात जोडून येणाऱ्या किती मुलांना हे माहीत असतं? चीनच्या युद्धानंतर खचलेल्या मंत्रालयाची सूत्रं हाती घेतलेल्या माणसाला सैन्याइतकीच अभ्यासकांची गरज वाटली, ही गोष्ट शाळेत सांगायला हवी. या संस्थेत आणि दिल्लीतल्या इतर अभ्यासगटांत संशोधन-साहाय्यक म्हणून सुरुवात होते. पगार बेताचा, नोकरी बहुधा कंत्राटी, पण शिकायला मिळतं ते दुसरीकडं मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय संस्थांत थेट शिरकाव कठीण असतो. व्हिएन्नाच्या अणुऊर्जा संस्थेत निरीक्षक व्हायला विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. हे निरीक्षक आपल्या तारापूरलाही येतात, कारण तिथल्या काही अणुभट्ट्या या संस्थेच्या देखरेखीखाली आहेत. हेगच्या संस्थेत नोकरीची कमाल मुदत सात वर्षं. अणुचाचणीबंदी करारावर भारताची सही नाही, म्हणून त्या संस्थेची जाहिरात दिसली की राष्ट्रीयत्वाची अट सगळ्यात आधी वाचा.

आणि शेवटचं दार, ज्याबद्दल कोणी सांगत नाही, ते कंपन्यांमधलं निर्यात-अनुपालनाचं. पुणे, बंगळुरू, हैदराबाद इथल्या संरक्षण, एरोस्पेस, रसायन आणि इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांना स्कोमेट कळणारी माणसं लागतात. काम असं: माल यादीत बसतो का ते ठरवायचं, ग्राहक खरा कोण आहे ते शोधायचं, अंतिम वापराचं प्रमाणपत्र घ्यायचं, परवान्याचा अर्ज भरायचा. सांगलीतल्या मुलाला मी आधी हेच दार दाखवते. घराला पगार सुरू होतो आणि तीन वर्षांत हा विषय हाडात भिनतो. त्यानंतर अभ्याससंस्थेत गेलात तर तुमच्या शब्दाला वजन असतं.

कुपवाडच्या त्या मुलानं ग्राहकाला चार प्रश्न पाठवले होते: पंप कोणत्या प्रकल्पात बसणार, कोणता द्रव वाहणार, प्रकल्पाचा पत्ता काय, पुढं विकणार का. मालवाहतूक करणाऱ्या एजंटचाच पत्ता पुन्हा आला. द्रवाचं नाव आलं नाही, उलट "पूर्ण पैसे आगाऊ देतो" असं आलं. त्यानं ती ऑर्डर सोडली. वडील दोन दिवस बोलले नाहीत, कारण रक्कम लहान नव्हती. आता तो हाच विषय शिकतो आहे.

सहावी पायरी: पैसा आणि घर

संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली इंटर्नशिप बिनपगारी असते. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हात स्वतःच्या खर्चानं राहणं आपल्या घरांना झेपत नाही. त्यासाठी शेत गहाण टाकू नका. व्हिएन्नाची अणुऊर्जा संस्था इंटर्नना मासिक भत्ता देते, तिथं अर्ज करा. दिल्लीत पहिलं वर्ष ओढाताणीचं जातं. सहा महिन्यांचं भाडं गाठीला असल्याशिवाय निघू नका.

घरच्यांना समजावताना "मी बॉम्ब थांबवायला चाललोय" असं म्हणू नका, घाबरतील. अपशिंगेसारखं घराघरातून सैन्यात माणूस पाठवणारं गाव आपल्याच सातारा जिल्ह्यात आहे. शस्त्राची किंमत इथल्या आयांना कोणी शिकवायला नको. कोणतं पद, कोणती परीक्षा, पगार कधीपासून, हे कागदावर लिहून दाखवा.

सरकारी किंवा संरक्षणाशी जोडलेल्या नोकरीत पोलीस पडताळणी कसून होते. समाजमाध्यमांवर आज जे लिहाल ते पुढं वाचलं जाईल. उपग्रहचित्रांचा सराव करताना आपल्या देशाच्या लष्करी ठिकाणांची चित्रं, खुणा करून, कुठंही टाकू नका.

सातवी पायरी: पहिला मेल

अभ्यासाला वर्ष झालं की एखाद्या संशोधकाला लिहा. त्यांचा एक लेख पूर्ण वाचून, त्यातल्या एका मुद्द्यावर एकच प्रश्न विचारा. "सर, मला मार्गदर्शन करा" अशा मेलला उत्तर येत नाही. "मी कराडला भूभौतिकी शिकते. तुमच्या लेखात चाचणीची खोली कमी धरली आहे, पण लहरींच्या नोंदीवरून मला ती जास्त वाटते, माझी आकडेमोड सोबत जोडली आहे" अशा मेलला येतं. मेल दहा ओळींच्या आत ठेवा, सोबत तुमचं सर्वांत चांगलं दोन पानी टिपण जोडा, आणि पाठवण्याआधी विषय न कळणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला ते मोठ्यानं वाचून दाखवा. ती जिथं अडखळेल ते वाक्य बदला. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदाच आठवण करा आणि दुसऱ्या संशोधकाचा लेख वाचायला घ्या.